विकणार नाही म्हणाले

"अहो बाई, धरू नका तशी! खाली ठेवा आधी, खाली!"

धारवाला एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या दुकानातल्या न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला आणि फेस लावलेल्या गिऱ्हाइकाने जीव मुठीत धरून एक डोळा उघडला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण, जिला सगळी गल्ली औषधवाली म्हणायची, ती फुलाफुलांच्या चादरीतून काढलेली तलवार उघड्या पात्याला धरून धारवाल्याच्या फळीवर ठेवत होती. जणू बाजारातून शेवग्याची शेंग आणलीये.

"कापेल म्हणून ओरडलात होय काका? बोथट आहे हो, काही होत नाही."

"तुम्हाला नाही हो कापणार. घाम लागतो हाताचा. उद्या तिथे पाच बोटांचा गंज उठेल."

म्हणजे काळजी तलवारीची होती. औषधवालीला हसू आलं. धारवाल्याला हसू वगैरे काही आलं नाही. त्याने शिंप्याच्या कात्र्या बाजूला सारल्या, हात पुसले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तलवारीकडे न बघता आधी बाईंकडे बघितलं.

"विकायची आहे का?"

हा त्याचा ठरलेला प्रश्न. धारवाल्याचं दुकान म्हणजे एक चाक, चार दगड, एक फळी आणि मागे एक पडदा. दिवसभर कात्र्या, सुऱ्या, वस्तरे. पण जुन्या तलवारींमधलं त्याच्याएवढं कळणारा माणूस आख्ख्या शहरात दुसरा नव्हता. हे ज्ञान त्याला कुठल्या शाळेत मिळालं नव्हतं. चाळीस वर्षं लोखंडाला हात लावून, ठिणग्यांचा रंग बघून, मिळेल तिथून वाचून त्याने ते कणाकणाने जमवलं होतं, आणि लोकांना तो ते फुकट वाटायचा. अगदी फुकट! अट एकच. तलवार विकायची असेल तर त्याच्याकडे यायचं नाही. "मग बाजारात जा," तो म्हणायचा, "तिथे पैसे घेऊन सांगणारे बसलेत. मी घरच्या वस्तूचं घरच्या माणसाला सांगतो."

"छे हो काका! विकायची कशाला?" औषधवाली म्हणाली. "आजोबांची आहे. माळ्यावर होती. मुलं विचारतात, आई ही कुणाची, कुठली, आणि मला एक अक्षर सांगता येत नाही. लाज वाटते हो. भिंतीवर लावणार आहे आम्ही."

"नक्की?"

"आता शपथ घेऊ का?"

"नको, नको. बसा."

आणि मग कुठे धारवाल्याने तलवारीकडे बघितलं.

आता एखाद्या माणसाचा चेहरा बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्या क्षणी न्हाव्याला विचारावं. तो वस्तरा घेऊन तसाच दारात आला होता. धारवाला मुठीजवळ वाकला, अजून वाकला, फुंकर मारली आणि तेलाचा बोळा फिरवला. गंजाखाली एक ठसा होता. तीन ठिपके आणि त्याखाली गव्हाची ओंबी. त्याने तलवार उलटी केली आणि पात्याच्या पाठीवरून नख फिरवलं. टक, टक, टक, टक, टक. पाच खाचा.

"पाचवी," तो म्हणाला.

"काय पाचवी?" औषधवालीने विचारलं.

"चौथी माझ्याकडे आहे."

त्याने पडदा सारला. आत त्याची बायको शिंप्याच्या सदऱ्यांना काजं करत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "आली का एखादी तलवार? आता आज काही जेवायला येत नाहीत तुम्ही." धारवाल्याने भिंतीवरची त्याची स्वतःची एकुलती एक तलवार काढली आणि पाचवीशेजारी ठेवली. तोच ठसा. तीच ओंबी. पाठीवर चार खाचा.

"हा कारागीर कोण होता कुणाला ठाऊक नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही झाला होता की जणू हरवलेला भाऊ सापडलाय. "पण तो केलेल्या तलवारी मोजत होता. माझी चौथी. म्हणजे पहिल्या तीन असणार, हे मला माहीत होतं. पण पुढे त्याने केल्या की नाही? की चौथीनंतर मेला? इतकी वर्षं मला हेच कळत नव्हतं, बाई. आज तुम्ही सांगितलंत."

"मी?" औषधवाली म्हणाली. "मी काय सांगितलं? मी तर चादर सोडली फक्त."

*

तीन आठवडे पाचवी तलवार धारवाल्याकडे राहिली. गंज काढायला त्याने ना चाक लावलं ना खरकागद. तेलाचा बोळा, लाकडाची काडी आणि ढीगभर वेळ. जेवढा गंज तेवढाच निघाला पाहिजे, पोलाद एक कणही जाता कामा नये. न्हावी येता-जाता चिडवायचा. "काय शेठ, नवी नवरी काय म्हणते? वहिनींना चालतंय ना?" पडद्याआडून वहिनी म्हणायच्या, "माझं कधी नाही केलं एवढं कौतुक! मला गंज चढला तरी यांना पत्ता नाही." धारवाला लाजायचा आणि पुन्हा वाकायचा.

शेवटच्या दिवशी त्याने आपली फी घेतली. हो, फी होती! फुकट म्हणजे तसं अगदीच फुकट नाही. आलेली प्रत्येक तलवार तो लांबलचक खाकी कागदावर ठेवायचा आणि टोक काढलेल्या पेन्सिलीने तिच्या कडेकडेने रेघ ओढायचा. मग शाळेत आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो ना, तसाच ठशावर पातळ कागद ठेवून ठसा उतरवून घ्यायचा आणि बाजूला डकवायचा. खाली लांबी, वजन, तारीख. आणि अगदी उजव्या कोपऱ्यात मालक कोण आणि एक ओळ. ती ओळ नेहमी एकच असायची: *विकणार नाही म्हणाले.* अशा कागदांच्या तीनशेच्या वर गुंडाळ्या पलंगाखाली होत्या. तलवारी लोकांच्या, पण सगळ्या तलवारींची सावली याच्या पलंगाखाली. त्याला तेवढंच पुरायचं.

एकाच कागदाचा उजवा कोपरा कोरा होता. तो त्याच्या स्वतःच्या चौथ्या तलवारीचा. बायकोने कधीतरी विचारलंही होतं, इथे काही नाही का लिहायचं? तर म्हणे, मी माझंच काय लिहू.

औषधवाली तलवार न्यायला आली तेव्हा त्याने तिला चार पानं लिहून दिली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. पोलाद कुठल्या जातीचं, आत पाण्यासारखी लहर का दिसते, ठसा कसा, खाचा किती, मूठ नंतरची का. त्यात त्याने हेही लिहिलं की ही फार मोलाची वस्तू आहे. लपवलं नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सामान्य आहे बाई, देता का मला? धारवाल्याने तसं केलं नाही, आणि का केलं नाही हे पुढे येईलच.

"फक्त तेल लावा," तो म्हणाला. "महिन्यातून एकदा, मऊ फडक्याने. चकाकवायच्या नादाला लागू नका. हिचा सगळा जीव वरच्या कातडीत आहे. आणि बाई, माझं एक मागणं आहे."

"बोला ना काका."

"समजा, देव न करो, पण कधी विकायची वेळ आलीच, तर मला एक फोन करा. जाण्याआधी. बस्स, एवढंच."

"अहो काका, विकायचा प्रश्नच नाही. आणि तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही तिला हात तरी लावू का?" औषधवालीने त्याच्या पायांना हात लावला. खरंच लावला, न्हावी साक्षीला होता. मग ती तलवार चादरीत गुंडाळून घेऊन गेली, आणि धारवाल्याने उजव्या कोपऱ्यात, जरा जास्तच ठळक अक्षरात, आपली ती नेहमीची ओळ लिहिली.

*

चारेक महिने गेले. एका दुपारी न्हावी फोन हातात घेऊन रस्ता ओलांडून आला. त्याच्या चेहऱ्यावर आज चेष्टा नव्हती.

"शेठ, हे बघ जरा."

"चष्मा नाहीये. तू वाच."

"लिलावाचं पान आहे. गिऱ्हाईक दाखवत होतं. 'अज्ञात कारागिराची पाचवी तलवार. मुठीजवळ तीन ठिपके व गव्हाची ओंबी असा ठसा. पाठीवर पाच खाचा, ज्यावरून हा कारागीर आपली कामे मोजत असावा असे दिसते.'"

धारवाल्याच्या हातातली कात्री चाकावरच राहिली. कर्रर्र आवाज झाला आणि ठिणग्यांचा फवारा उडाला. त्याने चाक थांबवलं.

"पुढे?"

"'या कारागिराची चौथी तलवारही अस्तित्वात असून ती एका खासगी संग्रहात आहे.'"

"खासगी संग्रह," पडद्याआडून बायको म्हणाली. "म्हणजे आपली भिंत."

"खाली काय लिहिलंय? कुणी सांगितलं हे सगळं, ते?"

न्हाव्याने पान खाली सरकवलं, वर सरकवलं. "'माहिती: कुटुंबाच्या संशोधनातून.'" मग तो हळूच म्हणाला, "विकली गेलीय शेठ. गेल्या आठवड्यात."

धारवाल्याने ती शिंप्याची कात्री उचलली आणि डोळ्यांसमोर धरली. पात्याला मधोमध खड्डा पडला होता. चाळीस वर्षांत त्याच्या हातून कात्री बिघडली नव्हती.

*

औषधांच्या दुकानात तो रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसाला खोकल्याचं औषध, त्याच्या पुढच्या बाईला मलमपट्टी. त्याची पाळी आली तेव्हा औषधवालीने सवयीने मागच्या खणातून त्याच्या बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढल्या, आणि मग वर बघितलं. आणि तिला कळलं.

"काका, बसा ना. स्टूल देऊ?"

"विकणार नाही म्हणाला होतात."

"अहो, तेव्हा नव्हतंच विकायचं! नंतर परिस्थिती... मुलाचं शिक्षण आलं, दुकानाची दुरुस्ती आली..."

"विकलीत त्याचं काही नाही. वस्तू तुमची. फोन का नाही केलात?"

औषधवालीने गोळ्यांची पाकिटं उगाचच सारखी करून ठेवली. मग ती एकदम म्हणाली, "खरं सांगा काका, तुम्ही घेऊ शकला असतात का? परवडली असती? मग फोन करून काय झालं असतं?"

"एकदा पाहिली असती."

मागे उभा असलेला माणूस घसा खाकरायला लागला. औषधवालीने गोळ्यांची पाकिटं, एक नाही, चांगली सहा, कागदी पिशवीत घातली आणि पुढे सरकवली.

"काकूंच्या गोळ्या यापुढे माझ्याकडून. कायम. पैसे द्यायचे नाहीत."

धारवाल्याने पिशवीतून एक पाकीट काढून घेतलं, पाच परत ठेवली, आणि एका पाकिटाचे पैसे फळीवर ठेवले. सुट्टे, अगदी नेमके. झालं! तिथे मात्र औषधवाली चिडली. माणसाला शिव्या दिलेल्या चालतात, पण असे नेमके पैसे ठेवलेले चालत नाहीत.

"मला एकटीलाच का बोलताय हो? मी काय डोकं लढवून आले होते का तुमच्याकडे? लिलाववाल्याने पाठवलं मला! तो सगळ्यांनाच पाठवतो. म्हणाला, जाणकाराचा कागद पाहिजे, नाहीतर भाव येत नाही. आणि कागद पाहिजे तर त्या धारवाल्याकडे जा, फुकट लिहून देतो. फक्त तो विचारेल विकायची आहे का, तर नाही म्हणायचं."

"सगळ्यांना?"

"इतकी वर्षं हेच चाललंय काका. आख्ख्या गावाला माहीत आहे." तिचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तुम्हालाही माहीत असणार. तुम्ही आपलं विचारायचं म्हणून विचारता."

*

घरी येऊन त्याने पलंगाखालच्या गुंडाळ्या बाहेर ओढल्या. पूर्ण जमीन खाकी झाली. विकणार नाही म्हणाले. विकणार नाही म्हणाले. निवृत्त मास्तर, विकणार नाही म्हणाले. छापखान्याचे मालक, भाऊ-बहीण दोघे मिळून आले होते, रडले होते, विकणार नाही म्हणाले. तो एकेक गुंडाळी उलगडत होता आणि आठवत होता की कुणीकुणी प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच नाही म्हटलं होतं. बरेच होते.

बायकोने सुई खोचून ठेवली आणि त्याच्या शेजारी खाली बसली.

"तुलाही माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग बोलली का नाहीस?"

"वीस वर्षांपूर्वी म्हटलं नव्हतं का, पाटी लावा, पैसे घ्या म्हणून? तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत." तिने एक गुंडाळी सरळ केली. "तलवार आली की तुम्ही माणसात यायचात. म्हटलं, येऊ देत."

"लुटलं गं मला. आणि मी आपला चहा पाजतोय प्रत्येकाला. फसवून घ्यायचं आणि वर पायाही पडायचं! एवढी निर्लज्ज माणसं..."

"आणि चौथी?" बायको म्हणाली.

"काय चौथी?"

"आपली. ती कशी आली? लग्न झालं त्या वर्षी तुम्हीच सांगितलंत. मी नाही कुणाला बोलले, पण विसरलेही नाही."

धारवाल्याने हातातली गुंडाळी खाली ठेवली. चौथी मिळाली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. सायकलवर चाक बांधून दारोदार फिरायचा. एका एकट्या म्हातारीने परसातून एक काळं, वाकडं पातं आणून दिलं. दाराला अडसर म्हणून लावायची ती. म्हणाली, बाबा, याचा मला कोयता करून दे. त्याने हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि अंगठ्याला ओंबी लागली. आणि तो म्हणाला, आजी, हे लोखंड कुचकं आहे, याचा कोयता नाही व्हायचा. हे मी भंगारात टाकतो, त्याबदली तुला नवाकोरा कोयता देतो. म्हातारी इतकी खूश झाली! त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिने बोटं मोडली. तो परत गेला सहा वर्षांनी, सगळं सांगायला. दाराला कुलूप होतं आणि शेजारच्यांना ती म्हातारी नीटशी आठवतही नव्हती. त्या दिवसापासून धारवाल्याने कुणाकडून एक पैसा घेतला नाही आणि कुणापासून एक अक्षर लपवलं नाही.

"ते वेगळं," तो म्हणाला.

"असेल," बायको म्हणाली, आणि उठून तिने कणीक भिजवायला घेतली.

*

त्यानंतर कुणी गुंडाळलेलं काही घेऊन आलं की धारवाला लांबूनच म्हणायचा, "कात्री असेल तर ठेवा. दुसरं काही बघत नाही मी." दुकानात मुकाट्याने चाक फिरायचं. न्हाव्याने चेष्टा करून पाहिली, मग सोडून दिली.

आणि मग एका सकाळी एक उंच, भारी बूट घातलेला माणूस दुकानापुढे गाडीतून उतरला. त्याच्या दोन खाणावळी होत्या, तिसरी नुकतीच उघडली होती. हातात लांब पेटी. पेटीला आतून मखमल.

"तुम्हीच ना ते? सगळे म्हणतात, याचं फक्त तुम्हीच सांगू शकता."

"मी आता बघत नाही."

"अहो, एक मिनिट! अडकलोय मी." खाणावळवाल्याने विचारण्याआधीच पेटी उघडली. "लिलावात घेतली. कागदात लिहिलंय ठसा आहे, खाचा आहेत. मला काही दिसत नाही. मी भिंगसुद्धा आणलं. हे खोटं असेल तर मला या आठवड्यात परत करता येते, जिने विकली त्या बाईला सगळे पैसे उलटे द्यावे लागतील. खरं असेल तर ठेवतो. तुम्ही काय म्हणाल ते. एक शब्द."

पडद्यामागची सुई थांबली. एक शब्द! नुसतं 'खोटी' म्हणायचं, आणि औषधवालीला दुकानाच्या दुरुस्तीत बसवलेल्या नव्या फरशाही उखडून द्याव्या लागल्या असत्या. कुणालाही कधीही कळलं नसतं.

धारवाल्याने पेटीत बघितलं. तलवार आरशासारखी चमकत होती. कुणीतरी तिला मशीनवर बफ मारला होता, दोन्ही बाजूंनी, चांगला दाबून, आणि वर धारही काढली होती. पोलादातली लहर गेली होती. ठिपके गेले होते. ओंबी गेली होती. त्याला त्याच्याच चष्म्यासकट त्याचा चेहरा त्या पात्यात दिसला, आणि तलवारीत स्वतःचा चेहरा कधी दिसता कामा नये.

"तुम्ही चकाकवली?"

"छे, मी घेतली तेव्हाच अशी होती. छान दिसते ना? फोटोत तर अजून..."

"विकायची आहे का?"

खाणावळवाला हसला. "अर्थात! दोन-तीन वर्षं नव्या जागेत लावीन, मग भाव आला की विकीन. उगाच खोटं कशाला बोलू?"

नियमाप्रमाणे याला हाकलायला हवं होतं. तीनशेच्या वर माणसांना चहा पाजला, आणि खरं बोलणारा हा पहिला. धारवाल्याला मनातल्या मनात हसू आलं, पण ते बाहेर येईपर्यंत त्याचं काहीतरी वेगळंच झालं. त्याने नख पात्याच्या पाठीवरून फिरवलं. मुठीपासून टोकाकडे. काही नाही. काही नाही. पुन्हा मागे आला. एका जागी, अगदी निसटतं, नख अडलं.

"एक उरलीय," तो म्हणाला.

आत जाऊन त्याने पलंगाखालून ती गुंडाळी आणली आणि फळीवर पसरली. तलवार उचलून आपल्याच पेन्सिलीच्या रेघेत ठेवली. बसली. वळण तेच, टोकाचा कल तोच. पण चहूबाजूंनी रेघ आणि पोलाद यांच्यात एक बारीक फट राहिली होती, कुठे दोऱ्याएवढी, कुठे अर्ध्या सुताची. आजारपणातून उठलेल्या माणसाला त्याचाच जुना सदरा घातला की गळ्याशी राहते तशी.

"खरी आहे," धारवाला म्हणाला. "हा बघा ठसा. या कागदावर आहे. तलवारीवर आता नाही. खुशाल ठेवा तुम्ही, परत करू नका."

पडद्यामागे बायकोने श्वास सोडला. सुटल्याचा की चिडल्याचा, ते तिचं तिलाच माहीत.

खाणावळवाला कागदाकडे बघत होता. तो धंद्यातला माणूस, त्याला पटकन कळलं. "म्हणजे या कागदाशिवाय ही तलवार म्हणजे नुसतं चकचकीत लोखंड?"

"तसंच काहीसं."

"मग कागद द्या मला. बोला, किती?"

"ती माझी फी आहे."

"फी? अहो, फी मी देतो ना तुम्हाला!"

"घेऊन झालीय," धारवाला म्हणाला. त्याने पेन्सिलीला टोक काढलं आणि तलवारीच्या कडेकडेने, जुन्या रेघेच्या आतून, दुसरी रेघ ओढली. हळूहळू, पूर्ण. मग आजची तारीख घातली. जुन्या ओळीखाली खाणावळीचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, *विकणार म्हणाले.* मग तलवार उचलून, रुमालात धरून, मखमलीत ठेवली. "फक्त तेल लावा. मऊ फडक्याने." सवयीने तोंडातून गेलं. आता तेलाने काय होणार होतं?

गाडी गेली. न्हावी दारात येऊन उभा होता.

थोड्या वेळाने शिंपी कात्री न्यायला आला. दुकानात कुणी नव्हतं. पडद्याच्या फटीतून त्याला दिसलं की धारवाला जमिनीवर बसलाय. समोर दोन खाकी कागद शेजारी शेजारी पसरलेले. एकावर पेन्सिलीच्या दोन रेघा, एकात एक. दुसऱ्यावर एकच, आणि तिच्यावर भिंतीवरची ती तलवार ठेवलेली, रेघेत चपखल बसलेली, कुठेही फट नाही.

"कात्री झाली का हो?"

"झाली. फळीवर आहे. आधीची मी बिघडवली, म्हणून नवी ठेवलीय."

शिंप्याने कात्री उचलली, हवेत दोनदा चालवून पाहिली आणि गेला. धारवाला उजव्या कोपऱ्याकडे सरकला. इतकी वर्षं कोरा राहिलेला तो कोपरा पिवळा पडला होता. त्याने तिथे आधी लिहिलं, *एक आजी.* नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं. मग पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. बायकोची सुई पाठीमागे चालू होती.

मग त्याने, सुवाच्य अक्षरात, पुढे लिहिलं:

*कुचकं लोखंड आहे म्हणालो.*